अर्धशिशी आणि आक्काची वही

चैत्र महिना होता. रानात कांदा काढणी चालू होती.

आक्का पहाटे चारला उठली. केर काढला. पाणी भरले. भाकऱ्या थापल्या. घरच्या सगळ्यांना न्याहारी दिली. स्वतः मात्र अर्धा कप चहा घेऊन रानात गेली. त्या दिवशी तिची एकादशी होती. आदल्या रात्री झोपही झाली नव्हती. शेतीच्या पंपाला रात्रीची वीज येते. म्हणून ती मालकांबरोबर पाणी धरायला गेली होती. हातात बॅटरी धरून ती दोन वाजेपर्यंत बांधावर उभी होती.

सकाळचे दहा वाजले. ऊन तापले. आक्काच्या डोळ्यांपुढे चकचकीत नागमोडी रेघा हलू लागल्या. कोणी आरशाचा कवडसा डोळ्यांवर पाडावा, तसे झाले. अर्ध्या तासाने रेघा गेल्या. मग उजवे कानशील ठणकू लागले. घण बसावेत तसे ठणके बसू लागले. पोटात मळमळले. ऊन सोसेना. बायकांचे बोलणेही सोसेना. पाणी प्यावे म्हणून ती विहिरीकडे निघाली. तोच भुई गरगर फिरली. विहिरीच्या अगदी काठाशी ती कोसळली. हाताला दगड लागला, तो तिने घट्ट धरला. म्हणून वाचली.

बायका धावल्या. तिला झाडाखाली निजवले.

सासूबाई म्हणाल्या, "कामाच्या वक्ताला हिचं डोकं बरं उठतं! आमच्या वेळी न्हवती असली थेरं."

शेजारीण म्हणाली, "बाहेरचं काही असंल. देवऋष्याला दाखवा."

मालक म्हणाले, "दुकानातली गोळी आणतो. रोज घेतेच की ती."

आक्का काही बोलली नाही. तिला बोलवतच नव्हते.

वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, अशी आक्का तुमच्याही घरात असेल. कदाचित ती आक्का तुम्ही स्वतःच असाल. हा धडा तिच्यासाठी आहे. तिच्या घरच्या माणसांसाठी तर जास्तच आहे.

हा आजार कोणता?

या आजाराला आपण अर्धशिशी म्हणतो. अर्ध म्हणजे निम्मे, आणि शिशी म्हणजे शीर्ष, डोके. पुष्कळदा निम्मे डोके दुखते म्हणून हे नाव पडले. डॉक्टर याला मायग्रेन म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला अर्धावभेदक म्हटले आहे. म्हणजे हा आजार नवा नाही. शहरी लोकांचा तर मुळीच नाही. जगात साधारण दर सात माणसांत एकाला तो असतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो सुमारे तिप्पट होतो. आईला असला तर लेकीला किंवा लेकाला होण्याचा संभव जास्त असतो.

साधी डोकेदुखी आणि अर्धशिशी यांत फरक आहे. साध्या डोकेदुखीत माणूस काम रेटतो. अर्धशिशीत ते जमत नाही. तिच्या खुणा अशा:

डोके ठणकते, बहुधा एका बाजूने. कधी दोन्ही बाजूंनी.

चालले, वाकले, जिना चढला की ठणका वाढतो.

मळमळते किंवा उलटी होते.

उजेड आणि आवाज सोसत नाही. अंधारात पडून राहावेसे वाटते.

औषध घेतले नाही, तर दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते.

काही जणांना दुखण्याआधी चमकत्या रेघा दिसतात. काहींना गरगरते. तोल जातो. कधी कधी डोके न दुखता नुसती घेरी येते, तरी मूळ कारण अर्धशिशीच असते.

हे ढोंग नव्हे. हे बाहेरचेही नव्हे. अशा माणसाचा मेंदू आणि डोक्यातल्या शिरा जन्मतःच जरा हळव्या असतात. झोप मोडली, पोट रिकामे राहिले, ऊन लागले, की त्या चाळवतात. म्हणून अंगारा लावून किंवा उतारा टाकून हे थांबत नाही. कानशिलावर बिब्बा घालू नका. डाग देऊ नका. त्याने कातडी जळते, दुखणे तसेच राहते. सुंठीचा लेप लावलात, गार फडके बांधलेत, तर त्याला हरकत नाही. तेवढ्यापुरते बरे वाटते.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

दुसऱ्या दिवशी गावच्या आशाताई आक्काला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब पाहिला. रक्त तपासायला दिले. डोळे पाहिले, हातापायांची ताकद पाहिली, सरळ रेषेत चालायला लावले. मग विचारले,

"आक्का, महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?"

"लई दिवस दुखतं बाई."

"लई म्हणजे किती? पाच? पंधरा?"

"मोजलं न्हाई कधी."

"गोळ्या किती घेता?"

"दुखंल तशा घेते. त्याचंही मोजमाप न्हाई."

"लिहिता येतं का?"

आक्का जरा लाजली. मग म्हणाली, "आता येतं. रातच्या वर्गाला जाते. आकडे येतात. लहान लहान शब्द लिहिते."

"तेवढं पुरे झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक वही करा. महिनाभर रोज लिहा. दुकानातली गोळी घेतलीत तर लपवू नका, तेही लिहा. वही घेऊन या, मग आपण औषध ठरवू."

आक्काच्या रक्तात लोह कमी निघाले. त्याच्या गोळ्या तेवढ्या तिला त्या दिवशी मिळाल्या. मालकांना वाटले, एवढ्या लांब आलो आणि डोक्याचे औषध मिळालेच नाही. पण आक्काने वाटेत दुकानातून पाच रुपये जास्त देऊन जाड पुठ्ठ्याची वही घेतली.

वहीत काय लिहायचे?

रात्री निजण्याआधी आक्का पाच गोष्टी लिही.

एक, तारीख.

दोन, डोके दुखले का? किती वाजता उठले, किती वाजता राहिले?

तीन, मळमळ, उलटी, रेघा, चक्कर यांतले काय झाले?

चार, कोणती गोळी घेतली, किती घेतल्या?

पाच, त्या दिवशी आणि आदल्या रात्री काय घडले? जेवण कधी झाले? झोप किती झाली? ऊन लागले का? पाळी होती का?

तिच्या वहीतले एक पान असे होते:

"तारीख 12. डोके दुखले. सकाळी 11 ते रात्री 8. उलटी 1 वेळ. चक्कर आली. गोळ्या 2. सकाळी जेवले नाही. रात्री पाणी धरले. झोप 3 तास."

अक्षर वाकडेतिकडे होते. एक दोन वेलांट्या चुकल्या होत्या. पण मजकूर खरा होता.

वहीने काय सांगितले?

महिना भरला. आक्का वही घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. या वेळी मालकही आत आले. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि दोघांसमोर हिशेब मांडला.

तीस दिवसांत तेरा दिवस डोके दुखले होते. त्यांपैकी आठ दिवस आक्का दुपारपर्यंत उपाशी होती. तीन दिवस पाळीच्या आसपासचे होते. दोन दिवस रात्री पाणी धरल्यानंतरचे होते.

गोळ्या मात्र सोळा दिवस घेतल्या होत्या. म्हणजे तीन दिवस डोके दुखतही नव्हते. दुखेल या धाकानेच गोळी घेतली होती.

"आक्का, खरी मेख इथं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखण्याची गोळी फार वेळा घेतली की तीच डोकं दुखवते."

मालकांना हे पटेना. औषधानेच रोग कसा होईल?

पण ते खरे आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस घेतली, आणि असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर डोक्याला तिची सवय लागते. गोळीचा अंमल उतरला की डोके पुन्हा उठते. माणूस पुन्हा गोळी घेतो. असा घाण्याच्या बैलासारखा फेरा सुरू होतो. दोन तीन औषधे मिसळलेली गोळी असेल, तर महिन्यातले दहा दिवसच त्याला पुरतात. शिवाय अशा काही गोळ्यांनी पोटात जखम होते, मूत्रपिंडाला इजा होते.

म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा. दुखण्याची गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त लागू लागली, की दुकानात जाऊ नका. दवाखान्यात जा.

डॉक्टरीणबाईंनी आक्काची दुकानातली गोळी बंद केली. पहिले आठ दहा दिवस फार जड गेले. डोके आधीपेक्षा जास्त दुखले. हे होणार, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. म्हणून आक्काने धीर सोडला नाही.

औषधे दोन तऱ्हेची

गंजीला आग लागल्यावर पाणी ओतणे, हे एक काम. आग लागूच नये म्हणून गंजीजवळ ठिणगी जाऊ न देणे, हे दुसरे काम. अर्धशिशीची औषधेही अशीच दोन तऱ्हेची आहेत.

पहिली तऱ्हा, डोके उठल्यावर घ्यायची औषधे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही त्यांतली नावे आहेत. ठणका सुरू झाला की लगेच घ्यावी. फार उशीर केला तर पोट औषध नीट शोषत नाही. उलटी होत असेल तर डॉक्टर त्याची वेगळी गोळी देतात. साध्या गोळ्यांनी भागले नाही तर अर्धशिशीची खास औषधे आहेत. सुमाट्रिप्टान हे त्यांतले एक. ते हृदयविकार असलेल्याला चालत नाही. म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचे.

दुसरी तऱ्हा, डोके उठू नये म्हणून रोज घ्यायची औषधे. महिन्यातून चार किंवा जास्त दिवस आजार आडवा पाडत असेल, तर डॉक्टर बहुधा असे औषध सुचवतात. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, ॲमिट्रिप्टिलिन ही त्यांतली नावे. कोणाला कोणते द्यायचे हे माणूस पाहून ठरते. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढते. बाई गरोदर असेल किंवा दिवस राहण्याचा संभव असेल, तर काही औषधे मुळीच चालत नाहीत. म्हणून शेजारणीची गोळी तुम्ही घेऊ नका. तुमची तिला देऊ नका.

रोजचे औषध लगेच गुण देत नाही. सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागते. "आठ दिवस घेतलं, फरक न्हाई," असे म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. ही मोठी चूक आहे. बरे वाटले म्हणून एकदम बंद करणे, ही दुसरी चूक आहे. कमी करायचे ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आणखी एक गोष्ट बायांनी ध्यानात ठेवावी. डोके दुखण्याआधी चमकत्या रेघा दिसत असतील, आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांतल्या काही गोळ्यांनी अशा बाईला पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरी साधने आहेत. ती विचारून घ्या.

गोळ्यांच्या पट्टीवरचे नाव वाचता आले नाही, तर आशाताईंकडून ते वहीत मराठीत लिहून घ्या. मुदतीची तारीख मात्र स्वतः वाचा. आकडे तर आता तुम्हाला येतात.

राहणी कशी असावी?

अर्धशिशीच्या माणसाला रोजचा दिवस सारखा लागतो. वेळेवर जेवण, वेळेवर झोप. दाव्याला बांधलेली गाय जशी वेळेवर वैरण मागते, तसे हे डोके आहे.

सकाळी पोटात काही तरी घालूनच घराबाहेर पडा. आदल्या रात्रीची भाकरी आणि ताक चालेल. घरच्या बाईने सगळ्यांचे झाल्यावर दुपारी दोनला जेवायचे, ही रीत या आजाराला पोसते.

उपास करू नका, असे कोणी म्हणत नाही. पण निर्जळी करू नका. रताळे, शेंगदाणे, राजगिरा, दूध, ताक यांतले थोडे थोडे घेत राहा.

रानात पाण्याची कळशी बरोबर ठेवा. तहान लागायची वाट पाहू नका. डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या. भर दुपारचे काम टाळता येत असेल तर टाळा.

रोज एकाच वेळी निजा, एकाच वेळी उठा. फार जागरण वाईट, तसे फार झोपणेही वाईट.

चहा दोन कपांवर ठेवा. दिवसाला सात आठ कप घेत असाल तर एकदम तोडू नका, नाही तर त्यानेच डोके उठेल. एक एक कप कमी करा. तंबाखू, मिशरी आणि दारू सोडा.

काही बायकांचे डोके न्हाल्यावर उठते. त्यांनी केस लवकर कोरडे करावेत. ओल्या केसांनी उन्हात जाऊ नये.

एकाला जे बाधते ते दुसऱ्याला बाधेलच असे नाही. म्हणून ऐकीव गोष्टीवरून खाणेपिणे सोडू नका. वही पाहा. वहीत जे पुन्हा पुन्हा दिसेल, तेवढेच टाळा.

चक्कर आली तर?

चक्कर आली की प्रथम खाली बसा. जमेल तर आडवे व्हा. उभे राहून तोल सावरत बसू नका. ज्याला चक्कर येते त्याने एकट्याने विहिरीवर जाऊ नये, झाडावर किंवा माळ्यावर चढू नये, चक्कर असताना चुलीपुढे बसू नये, गाडी चालवू नये.

प्रत्येक चक्कर अर्धशिशीची नसते. अंगात रक्त कमी असेल तरी गरगरते. पाणी कमी पडले, एकदम उठून उभे राहिले, रक्तदाबाची गोळी जास्त झाली, तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. अंथरुणात कूस बदलली की काही क्षण घर फिरते, असे होत असेल तर दोष कानाच्या आत असू शकतो. कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते जागचे हलतात. डॉक्टर डोके विशिष्ट तऱ्हेने वळवून ते जागेवर आणतात. त्याला बहुधा गोळीही लागत नाही.

चक्कर थांबवण्याच्या काही गोळ्या थोडे दिवसच घ्यायच्या असतात. त्या महिनोन्महिने घेतल्या तर हात थरथरतात आणि चाल मंदावते. म्हाताऱ्या माणसांना तर हा त्रास लवकर होतो. म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा गोळ्या आणू नका.

केव्हा क्षणभरही थांबू नये?

पुढचे काही दिसले, तर ती अर्धशिशी समजून घरी निजू नका. 108 वर फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात जा.

आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी, क्षणात दुखू लागले.

तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला.

ताप आहे आणि मान ताठली आहे.

डोक्याला मार लागल्यावर डोके दुखते, उलट्या होतात.

फिट आली, शुद्ध हरपली किंवा दिसेनासे झाले.

बाई गरोदर आहे किंवा नुकतीच बाळंत झाली आहे, आणि डोके फार दुखते.

वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असे डोके दुखू लागले, तरीही लवकर तपासून घ्या.

आक्काचे पुढे काय झाले?

डॉक्टरीणबाईंनी आक्काला रोज घ्यायची एक गोळी दिली. पण निम्मे काम घरातच करायचे होते. आता रात्रीच्या विजेला मालकांबरोबर धाकटे दीर जातात. आक्का दहाला निजते. सकाळी आठला सगळ्यांबरोबर बसून भाकरी खाते. पहिल्या दिवशी सासूबाई पाहतच राहिल्या. सून पुरुषांच्या पंगतीला बसली! पण मालक म्हणाले, "दवाखान्यातनं लिहून दिलंय." मग त्या काही बोलल्या नाहीत.

पावसाळा गेला. दिवाळी आली. आक्काची अर्धशिशी गेली नाही. ती समूळ जाते असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण पूर्वी महिन्यातून तेरा दिवस दुखत असे, ते आता तीन चार दिवसांवर आले. गरगरणे क्वचित होते. डोके उठले की आक्का वेळेवर एक गोळी घेते, अंधाऱ्या खोलीत दोन तास पडते, आणि उठून कामाला लागते.

भाऊबीज झाली आणि शाळा सुरू झाली. एक दिवस तिची आठवीतली लेक शाळेतून लवकर घरी आली. दप्तर टाकून म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय. फळ्याकडं बघवत न्हाई."

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग सासूबाई उठल्या. त्यांनी खिडकी लावून घेतली. फडके भिजवून नातीच्या कपाळावर ठेवले.

आक्काने फळीवरची वही काढली. एक कोरे पान उघडले. वर लेकीचे नाव लिहिले, आणि खाली तारीख घातली.

प्रश्न

1. अर्धशिशीच्या कोणत्याही तीन खुणा सांगा.

2. आक्काचे डोके कोणकोणत्या दिवशी दुखले? वहीवरून काय कळले?

3. दुखण्याची गोळी फार वेळा घेतली तर काय होते?

4. कोणत्या खुणा दिसल्या तर 108 वर फोन करावा?

5. आक्काच्या घरच्या माणसांनी कोणत्या सवयी बदलल्या? तुमच्या घरात काय बदलता येईल?

वहीत लिहा

तुमच्या घरात कोणाचे डोके वरचेवर दुखते का? त्याच्यासाठी आज एक पान तयार करा. तारीख, वेळ, त्रास, गोळी, कारण असे पाच शब्द वर लिहा. महिनाभर ते पान भरा.